वेस, नाका आणि मैलाचा दगड : सोलापूरच्या जुन्या वाटा

तुळजापूर वेस, बाळीवेस, विजापूर वेस. गावकूस कधीच गेलं, तरी सोलापूरकर आजही पत्ता सांगताना वेशीच सांगतात. जुन्या शहराची हद्द आणि तिथून फुटणाऱ्या वाटा यांचा हा सगळ्यात भरवशाचा नकाशा आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या वाटेवर निघतात, तेही बाळीवेशीजवळच्या हिरेहब्बू वाड्यातून. नंदीध्वज म्हणजे मिरवणुकीत नेल्या जाणाऱ्या उंच मानाच्या काठ्या. रस्त्यांचा विचार करताना ही वाट विसरून चालणार नाही. या काठ्या इतक्या उंच असतात की विजेच्या तारा लावतानाही या मार्गाचं भान ठेवावं लागतं.

वेशीबाहेर काळी जमीन. पावसात ती फुगते, चिकटते, बैलगाडीचं चाक गिळते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून इथे रस्ता करायचा म्हणजे मुरूम आणि खडी टाकून दाबायची. त्यावरही बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव चाकोऱ्या पाडायचीच, आणि पुढची गाडी त्याच चाकोरीत घुसायची. दुरुस्ती दरवर्षीची.

१८६० मध्ये रेल्वे आली आणि वाटांची दिशाच बदलली. पुण्याकडे लांबचा पल्ला मारणाऱ्या गाड्यांचं काम कमी झालं, उलट आसपासच्या गावांतून स्टेशनकडे माल ओढणाऱ्या गाड्या वाढल्या. १८७७ साली ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापड गिरणी उभी राहिली, तेव्हा कापूस आणि कापडाची ये-जाही त्यात मिसळली. माझ्या मते सोलापूरच्या रस्त्यांना आजचा आकार रेल्वे आणि गिरण्यांनीच दिला.

नाक्यांची गोष्ट तर खास आपली. सोलापूर इंग्रजांचं, पण तुळजापूर आणि नळदुर्ग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, तर अक्कलकोट वेगळं संस्थान. म्हणजे देवीच्या दर्शनाला निघालेला माणूस दुसऱ्या राज्यात जायचा, आणि मालाच्या गाडीला निजामाच्या करोडगिरीला, म्हणजे सरहद्दीवरच्या जकातीला, तोंड द्यावं लागायचं. शहराच्या तोंडाशी नगरपालिकेची जकात होती ती वेगळीच : गाडी थांबवायची, माल दाखवायचा, पावती घ्यायची, मग आत. शहर वाढलं तसा नाका पुढे सरकला आणि मागे ‘जुना पुणे नाका’, ‘जुना बोरामणी नाका’ अशी ठिकाणं उरली.

मोटारी वाढल्यावर मैलाच्या दगडांचं महत्त्वही वाढलं. पुढे किलोमीटर आले. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाला पिवळा माथा, राज्य महामार्गाच्या दगडाला हिरवा, ही खूण आपण सगळ्यांनी लहानपणी खिडकीतून पाहिलेली. पुणे–हैदराबाद रस्ता तेव्हा राष्ट्रीय महामार्ग ९ होता, विजापूरकडचा १३ आणि तुळजापूर–धाराशिवकडचा २११. २०१० च्या नव्या क्रमांकांत पहिला ६५ झाला, उरलेले दोन्ही ५२ मध्ये गेले. जुने दगड मात्र रुंदीकरणात आधी उखडले जातात. जिथे अजून शाबूत आहेत, तिथे ते जागच्या जागी जपायला हवेत, संग्रहालयात नेऊन नव्हे.