आई फोनवर तर छान बोलते!

आईला किंवा वडिलांना अल्झायमर झाला की घरातलं पहिलं भांडण बहुधा भावंडांत होतं. सोबत राहणारी मुलगी सांगत असते, आईने काल एकच प्रश्न बारा वेळा विचारला, गॅस तसाच चालू ठेवला. दूर राहणारा भाऊ म्हणतो, "अगं, परवाच अर्धा तास बोललो तिच्याशी. अगदी नॉर्मल होती. तू उगाच टेन्शन घेतेस." गंमत म्हणजे दोघंही खरंच सांगत असतात.

हा आजार सहसा सुरू होतो तो कानशिलाच्या आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेल्या भागात. नव्या आठवणी पक्क्या होतात त्या तिथे. "कसा आहेस? मुलं काय म्हणतात? तब्येतीला जप हं" ही वाक्यं मात्र पन्नास वर्षं घोटलेली, ती बोलायला नवी आठवण लागतच नाही. त्यामुळे आई फोनवर बेमालूम वेळ मारून नेते. पाहुण्यांसमोर आणि डॉक्टरांसमोरही तेच. तेवढ्या वेळापुरती ती सगळी ताकद पणाला लावते, मग घरी येऊन गळून जाते, चिडते. तो उतार फक्त सोबतच्या माणसाला दिसतो. मुलीने एका वहीत तारीख-वेळ घालून रोजचं टिपून ठेवावं, डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होतो. पण भावाची समजूत पटवायची तर माझ्या मते एकच उपाय: त्याने चार दिवस येऊन एकट्याने आईजवळ राहावं. पहिल्या रात्रीनंतर वाद घालायला तो उरत नाही.

दुसरी काळजी कुणी मोठ्याने बोलत नाही. चावी सापडत नाही, ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडतं आणि पोटात गोळा येतो: मलाही होणार का?

या भीतीमागचं गणित बहुतेकांना चुकीचं ठाऊक असतं. ज्यांचं नाव या आजाराला मिळालं त्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ऑगस्टे नावाच्या ज्या बाईची केस मांडली, ती रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. इतक्या लवकर येणाऱ्या आजारामागे काही घराण्यांत तीनपैकी एका जनुकातला बदल असतो: एपीपी, प्रीसेनिलिन-१ किंवा प्रीसेनिलिन-२. तो बदल पालकाकडे असेल तर प्रत्येक अपत्याकडे येण्याची शक्यता ५० टक्के, आणि आला तर आजार जवळपास ठरलेला. पण असे रुग्ण एकूण रुग्णांच्या एक टक्काही नसतात. तुमच्या आईला पंचाहत्तरीनंतर आजार झाला असेल आणि घराण्यात तरुणपणी तो कुणाला झाला नसेल, तर हे गणित बहुधा तुमचं नव्हेच.

तुमच्या गणितात येतं ते एपीओई नावाचं जनुक. त्याचा 'ई-४' नावाचा प्रकार एका पालकाकडून आला तर धोका साधारण दोन ते तीन पट होतो, दोघांकडून आला तर त्याहून बराच जास्त. तरी तो असलेल्या कित्येकांना आजार होत नाही, आणि नसलेल्या कित्येकांना होतो. म्हणूनच लक्षणं नसताना ही तपासणी करून घ्यायला डॉक्टर सहसा सुचवत नाहीत. तरीही समजून घ्यायचंच असेल तर एक माहिती दिलासा देणारी आहे. अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांच्या १६२ मुलामुलींवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना आपलं एपीओई कळवलं, काहींना नाही. वर्षभरात दोन्ही गटांच्या चिंतेत किंवा नैराश्यात म्हणावा असा फरक पडला नाही. अर्थात ही मंडळी स्वतःहून पुढे आलेली होती आणि त्यांना समुपदेशन मिळालं होतं. एकट्याने रात्री मोबाइलवर रिपोर्ट उघडणं ही फार वेगळी गोष्ट आहे.

जनुक बदलता येत नाही. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, कमी ऐकू येणं, एकटेपणा यांबाबत काही करता येतं. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये असे १४ घटक मांडले आणि ते सगळे दूर झाले तर स्मृतिभ्रंशाचे (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार उशिरा सुरू होईल, असा अंदाज दिला. हा आकडा साऱ्या समाजाचा आहे, कुणा एकाला मिळालेली हमी नव्हे. ऐकायला कमी येत असूनही श्रवणयंत्राला 'म्हातारं दिसतं' म्हणून नकार देणाऱ्यांनी मात्र तो जरूर वाचावा.

आणि ती न सापडणारी चावी? आईसाठी रात्री तीनदा उठणाऱ्या माणसाचं लक्षच थाऱ्यावर नसतं. चावी ठेवताना मेंदूने नोंदच घेतली नाही, तर आठवणार काय? बहुतेकदा तो झोपेचा हिशेब असतो. विसरण्यामुळे रोजची कामं अडू लागली तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

सेवा करण्याचा हा ताण नुसता मनात राहत नाही. अमेरिकेतल्या ओहायोत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली आणि त्याच वयाच्या दुसऱ्या १३ जणींशी तुलना केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. उलट बाजूही मोजलेली आहे. न्यूयॉर्कमध्ये रुग्णांची काळजी घेणाऱ्या ४०६ पती-पत्नींचा अभ्यास झाला. ज्यांना कुटुंबातल्या इतरांसह समुपदेशन आणि पुढेही आधार मिळाला, त्यांच्या रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सुमारे दीड वर्ष पुढे गेली. इथे रुग्णाचं औषध बदललेलं नव्हतं. सेवा करणाऱ्याच्या पाठीशी माणसं उभी केली होती.

हे ऐकूनही भाऊ म्हणू शकतो, "येऊन काय उपयोग? मी गेलो की तासाभरात विसरेल." अमेरिकेतल्याच आयोवात, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते काही मिनिटांतच बहुतेकांच्या आठवणीतून गेलं. मनात उठलेली भावना मात्र अर्ध्या तासानेही टिकून होती, आणि ज्यांना कमी आठवत होतं त्यांचं दुःख अधिक रेंगाळलं. म्हणून गेलेल्या आईची चौकशी करणाऱ्या वडिलांना दरवेळी "ती वारली ना, बाबा" असं सांगून नव्याने रडवू नये. "आठवण येतेय का तिची?" म्हणावं आणि बोलू द्यावं.

भाऊ येऊन गेला, तर कोण आलं होतं हे आईला बहुधा सांगता येणार नाही. त्या संध्याकाळी तिची येरझार कमी होती का, हे बहिणीच्या वहीत पाहावं.