पूरमैदान पुनर्स्थापना (सॅमन अधिवासासाठी)

पात्र खोल गेल्याने किंवा बांध घातल्याने नदीपासून तुटलेले पूरमैदान पुन्हा पाण्याखाली आणून सॅमनच्या पिल्लांना वाढीची जागा मिळवून देण्याची पद्धत. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील नद्यांवर ती विशेष प्रचारात आहे. सॅमन गोड्या पाण्यात अंडी घालतो व समुद्रात वाढतो. येथे महत्त्वाचा तो मधला काळ. मुख्य प्रवाहाच्या ओढीत पिल्लांची शक्ती जागा धरून राहण्यातच खर्ची पडते. मैदानावर पसरलेले पाणी संथ व उथळ असते, प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, पिल्लांचे खाद्य) ही त्यात मुबलक. कॅलिफोर्नियातील योलो बायपासमध्ये (पुराचे पाणी वळवण्यासाठी राखलेल्या मैदानात) चिनूक सॅमनची पिल्ले लगतच्या सॅक्रामेंटो नदीतल्यापेक्षा झपाट्याने वाढतात, असे सॉमर व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले.

मूळ रूपाचा वाद : नदीला परत न्यायचे ते कोणत्या रूपाकडे, याबद्दल मतभेद आहेत. पात्र कसकसे खोल जाते याचे टप्पे मांडणाऱ्या शुम, हार्वी व वॉटसन यांच्या प्रतिमानात (१९८४) आरंभ एकाच पात्रापासून होतो. वॉल्टर व मेरिट्स यांनी २००८ मध्ये हे गृहीत हलवले. अमेरिकेच्या पूर्वेकडील पेनसिल्व्हेनिया व मेरिलंडमधील ओढ्यांचे उंच काठ नैसर्गिक नसून, साधारणतः सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पाणचक्क्यांसाठी घातलेल्या बंधाऱ्यांमागे साचलेला गाळ आहे. त्याआधी तेथे दलदलीतून वाहणारे लहान फाटे होते, असे त्यांचे प्रतिपादन. क्लुअर व थॉर्न यांनी २०१३-१४ च्या सुमारास जुन्या प्रतिमानाआधी ‘शून्य अवस्था’ जोडली : गुंतलेले अनेक प्रवाह, मधे झाडीची बेटे. पूर्व किनाऱ्यावरचा पुरावा पश्चिमेला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि अरुंद, तीव्र उताराच्या दऱ्यांना तर हे रूप लागूच नाही. गाळ साचणाऱ्या रुंद दऱ्यांपुरते मात्र क्लुअर-थॉर्न यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. एकोणिसाव्या शतकात कातड्यासाठी झालेला बीव्हरचा (ओढ्यांवर लाकडांचे बांध घालणाऱ्या प्राण्याचा) संहार आणि विसाव्या शतकात माशांची वाट मोकळी व्हावी म्हणूनच (!) प्रवाहांतून उपसलेले ओंडके, या दोन्ही गोष्टी त्याच दिशेने बोट दाखवतात : पाणी अडवून फाटे पाडणारे अडथळेच त्यांमुळे नाहीसे झाले.

कार्यपद्धती : ऑरेगनमधील साउथ फोर्क मॅकेन्झी नदीवर १९६३ च्या सुमारास कूगर धरण झाले. वरून येणारी खडी व लाकूड अडले आणि खालचे पात्र खोल गेले. २०१८ पासून तेथे दरीचा मूळ उतार ठरवून त्याहून उंच असलेले काठ यंत्रांनी खरवडतात व तीच माती-खडी पात्रात भरतात. मग मुळांसकट झाडे आडवी टाकतात, पण बहुधा ती खिळवत नाहीत. पुढचे फाटे नदीनेच पाडायचे असतात. उभी झाडे तोडावी लागणे, उथळ पाणी उन्हाळ्यात तापणे आणि परतणाऱ्या मोठ्या माशांना पुरेशी खोली न मिळणे, हे यावरचे मुख्य आक्षेप होत.