बालवीर चळवळ (वडोदरा) : वचन, गणवेश आणि प्रवेशाचे बदलते नियम

मुलामुलींना लहान लहान टोळ्यांतून, उघड्या हवेत, स्वतःच्या जबाबदारीवर शिकू देणारी आणि शाळेला पूरक अशी ही शिक्षणपद्धती. मुलांना बालवीर किंवा स्काउट, मुलींना वीरबाला किंवा गाइड म्हणतात. वडोदऱ्याच्या मराठी घरांत दोघांसाठीही ‘स्काउटला गेलाय’, ‘स्काउटला गेलीय’ एवढे पुरते. चळवळीचा समग्र इतिहास अन्यत्र मिळतो. येथे विचार आहे तो तिचे नियम कोणासाठी आणि कसे बदलत गेले याचा, आणि आखाड्यांची सवय असलेल्या एका जुन्या राजधानीत ते बदल कसे दिसतात याचा.

गाठी, होकायंत्र, प्रथमोपचार, शेकोटी यांवरून चळवळीत कधी फारसे भांडण झालेले नाही. शंभराहून अधिक वर्षांतले जवळजवळ सगळे वाद दोनच ठिकाणी पेटले : वचनात कोणाचे नाव घ्यायचे आणि रांगेत कोणाला उभे राहू द्यायचे.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये चळवळीचे संस्थापक, ब्रिटिश सेनाधिकारी बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले. त्यांत श्रीमंतांच्या निवासी शाळांतली मुले होती तशीच कष्टकऱ्यांच्या घरांतलीही होती, आणि त्यांना एकाच टोळीत राहायला लावणे हा त्या प्रयोगाचा भाग होता. म्हणजे सर्वांना सामावून घेण्याची भाषा चळवळीत पहिल्या दिवसापासून आहे. फक्त ‘सर्व’ कोण, याचा अर्थ दर पिढीला नव्याने ठरवावा लागला. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मेळाव्याला काही मुली स्वतःहून स्काउटच्या वेशात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना आत घेण्याऐवजी १९१० मध्ये वेगळी गाइड चळवळ काढण्यात आली आणि तिची सूत्रे बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांच्याकडे गेली. मुलामुलींची वेगळी दारे झाली ती तेव्हापासून.

भारतात पहिला अडसर लिंगाचा नव्हता, वंशाचा होता. १९०९ मध्ये बंगळूरला पहिले स्काउट दल आणि १९११ मध्ये जबलपूरला पहिली गाइड कंपनी, म्हणजे मुलींचे दल, निघाली, ती युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी, म्हणजे भारतीय, मुलांना माग काढणे, खुणांनी निरोप पाठवणे, रानात राहणे शिकवले तर उद्या तीच मुले क्रांतिकारक होतील अशी सरकारला धास्ती होती. त्या काळाचा विचार करता ती अगदी अनाठायी होती असे म्हणता येत नाही. अधिकृत दार बंद राहिल्याने लोकांनी आपापली दारे काढली. १९१३ मध्ये मध्यप्रांतात व्हिव्हियन बोस यांनी हिंदी मुलांचे काम सुरू केले; हेच बोस पुढे नागपूरचे न्यायमूर्ती आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट आणि त्यांचे सहकारी जॉर्ज अरुंडेल यांनी स्वतंत्र संघटना काढली. तिच्या मुलांच्या डोक्यावर इंग्रजी टोपीऐवजी फेटा होता आणि तोंडी देशी गाणी होती. अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समिती स्काउट संघटना उभी केली.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले, तेव्हा बेझंटबाईंची संघटना मुख्य प्रवाहात सामील झाली. सेवा समिती मात्र बाहेर राहिली. मूळ वचनात देवापाठोपाठ राजाविषयीचे कर्तव्य होते, आणि मूळ नियमांतील दुसऱ्यात राजा, त्याचे अधिकारी, देश आणि मालक या सर्वांशी निष्ठा सांगितली होती. स्वराज्य मागणाऱ्यांनी ही शपथ मुलांच्या तोंडी कशी घालावी? १९३७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी हिंदी लोकांच्या चारित्र्याबद्दल केलेल्या शेऱ्यांनी उरलासुरला सलोखाही गेला आणि १९३८ मध्ये हिंदुस्तान स्काउट असोसिएशन स्थापन झाली. फाटलेले धागे जुळले ते स्वातंत्र्यानंतर : ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही एकत्रित संस्था स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड संघटना तिच्यात आली.

राजनिष्ठेचा हा प्रश्न संस्थानी मुलखात अधिकच अवघड होता. बडोद्याच्या मुलाने ‘राजा’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे कोणाला आणायचे, लंडनच्या बादशहाला की लक्ष्मीविलास राजवाड्यातल्या महाराजांना? तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून ते परतले. त्यावरून केवढा गदारोळ झाला हे वडोदऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत आजही रंगवून सांगतात. असा राजा असलेल्या शहरात बादशहाच्या नावाने वचन घेणे साधे नव्हते.

आखाडा आणि दल

वडोदऱ्यात तरुणांना शिस्त लावण्याची स्वतःची रीत आधीपासून होती, आणि ती विसरून येथल्या स्काउटिंगचा विचार करता येत नाही. दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिर हे तिचे ठळक उदाहरण. जुम्मादादा मुसलमान उस्ताद. त्यांची गादी चालवली ती त्यांचे हिंदू शिष्य राजरत्न प्रा. माणिकराव यांनी. मल्लखांब, लाठी, लेझीम यांच्या जोडीला माणिकरावांनी देशी भाषेतील हुकुमांवर चालणारी सामुदायिक कवायत, म्हणजे संघव्यायाम, रुजवला. याच शहरातून द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. थोडक्यात, कवायतीची भाषा आपली असावी आणि गुरूचा धर्म शिष्याने विचारू नये, या दोन गोष्टी येथे आखाड्याने स्काउटिंगच्या आधारावाचून साधल्या होत्या.

आखाड्यापेक्षा स्काउटिंग वेगळे पडते ते टोळीमुळे. आखाड्यात सगळे गुरूभोवती फिरते. स्काउट दलात सहा ते आठ मुलांची टोळी, तिचा नायक मुलांपैकीच एक, आणि टोळीनायकांची सभा दलाचे बरेच निर्णय घेते. बारा वर्षांच्या मुलाने आपल्याच वयाच्या सात जणांचे तंबू, सरपण आणि पिठले-भात सांभाळायचा ही कल्पना आखाड्यात नव्हती. (टोळीचे पिठले बहुधा लागतेच, पण ते खावे लागते.) जातिव्यवस्थेच्या समाजात या एका चुलीचे मोल मोठे होते. कागदावरचा नियम आणि प्रत्यक्ष पंगत यांत किती अंतर असू शकते हे याच शहराने पाहिले आहे : सयाजीरावांनी १९०६ पासून राज्यभर मुलामुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, पण त्यांच्याच नोकरीत आलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ मध्ये शहरात राहायला जागा मिळाली नाही. स्काउटचा नियम ‘सर्वांचा मित्र’ असे म्हणतो. त्याची परीक्षा प्रश्नपत्रिकेत होत नाही, शिबिरात कोणी कोणाच्या हातचे वाढून घेतले यावर होते.

वचनातील फुली

आजचे भारतीय वचन ईश्वर आणि देश यांच्याविषयीचे कर्तव्य, इतरांना मदत आणि स्काउट नियमांचे पालन असे तिहेरी आहे. सलामीची तीन बोटे त्याचीच खूण. राजा गेला, मालकाशी निष्ठाही गेली. नियम नऊ आहेत आणि त्यांत निसर्गप्रेम व सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण यांना जागा मिळाली आहे. सर्वांत लक्षवेधी गोष्ट मात्र छापील वचनात ‘ईश्वर’ या शब्दाच्या डोक्यावर असलेली बारीक फुली. तळटीप सांगते की हवे असल्यास येथे ‘धर्म’ म्हणावे. जैन, बौद्ध घरांतल्या मुलांची अडचण या एका ओळीने दूर होते, आणि जैन वस्ती मोठी असलेल्या गुजरातेत ही सोय केवळ शोभेची नाही.

ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर पुष्कळ चर्चा झाली. तेथील गाइड संघटनेने २०१३ मध्ये वचनातून देवाचा उल्लेख काढून ‘स्वतःशी प्रामाणिक राहीन’ अशा आशयाचे शब्द घातले. स्काउट संघटनेने मूळ वचन ठेवून जानेवारी २०१४ पासून श्रद्धा न मानणाऱ्यांसाठी पर्यायी वचन दिले. अमेरिकेत देवाविषयीचे कर्तव्य वचनात अजून कायम आहे. भारतीय तळटीप या तिन्हींपेक्षा चतुर आहे, पण ती पूर्ण उत्तर नव्हे. ज्याला देवही नको आणि धर्मही नको, त्या मुलाने काय म्हणायचे हे तिने सांगितलेले नाही. प्रत्यक्षात शिक्षक त्याकडे काणाडोळा करतात.

मुली : एक छप्पर, दोन दारे

ब्रिटनच्या स्काउट संघटनेने १९७६ मध्ये सर्वांत मोठ्या वयोगटात मुली घेतल्या, १९९१ मध्ये सर्व गटांना तशी मुभा दिली आणि २००७ पासून ती सर्व गटांना बंधनकारक केली. अमेरिकेत २०१८ मध्ये लहान गटांत आणि फेब्रुवारी २०१९ पासून मोठ्या गटात मुली आल्या. ८ फेब्रुवारी २०२५ रोजी तेथील संस्थेने आपल्या नावातला ‘बॉय’ही काढून टाकला. भारतात मुले-मुली १९५१ पासून एकाच संस्थेत आहेत, तरी दल वेगळे, कंपनी वेगळी. या एकत्रित संस्थेच्या राष्ट्रीय आयुक्तपदी १९६४ ते १९८३ लक्ष्मी मजुमदार होत्या आणि १९६९ मध्ये त्यांना जागतिक स्काउटिंगचा सर्वोच्च सन्मान, ब्राँझ वुल्फ, मिळाला. म्हणजे ब्रिटिश स्काउटांनी एकही मुलगी आत घेतली नव्हती तेव्हा भारतात मुलग्यांच्या दलांवरही एका बाईचा हुकूम चालत होता.

वेगळ्या कंपन्यांना सरसकट मागासपणा म्हणणे घाईचे ठरेल. वडोदऱ्यातल्या मध्यमवर्गीय मराठी घरात तेरा वर्षांच्या मुलीने पावागढच्या पायथ्याशी रात्रीच्या मुक्कामाला जायचे म्हटले की आजी पहिला प्रश्न विचारते, ‘बरोबर कोण आहे?’ ‘बेन आहेत आणि सगळ्या मुलीच आहेत’ या उत्तरावर पुष्कळशा परवानग्या मिळतात. (शाळेतल्या बाई गुजराती सवयीने ‘बेन’ होतात, घरी मराठी बोलतानाही.) मिश्र दल असते तर यांतल्या कित्येक मुली घरीच राहिल्या असत्या. सर्वांना एका रांगेत आणणे आणि सर्वांना शिबिरापर्यंत पोहोचवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि सध्या तरी येथे दुसरे अधिक निकडीचे आहे. पुण्यातील ‘संगम’ हे गाइडांचे जागतिक केंद्र १९६६ मध्ये सुरू झाले. मुलींसाठी स्वतंत्र जागा राखण्याच्या विचाराला तेथे जगभरातून पाठबळ मिळते.

समलिंगी सभासदांचा प्रश्न सर्वांत जास्त गाजला तो अमेरिकेत. २००० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी संस्थेला अशा नेत्यांना नाकारण्याचा अधिकार दिला; मग संस्थेनेच बंदी उठवली, २०१४ पासून मुलांसाठी आणि २०१५ मध्ये प्रौढ नेत्यांसाठी. न्यायालयात जिंकलेली गोष्ट पंधरा वर्षांत स्वतःहून सोडून दिल्याचे असे उदाहरण विरळाच.

गणवेश

खाकी जाऊन स्काउटांना राखाडी सदरा व गडद निळी पँट आली, जुन्या रुंद काठाच्या टोपीची जागा निळ्या बॅरेने, म्हणजे मऊ चपट्या टोपीने, घेतली. शीख मुलाला बॅरेऐवजी निळी पगडी चालते. गाइडला फ्रॉक किंवा सलवार-कमीज व ओढणी असा पर्याय आहे. टिकून राहिला तो स्कार्फ, आणि त्याला कारण आहे. तो त्रिकोणी कापडाचा असतो. पाठीकडून गुंडाळून गळ्याखाली वॉगलमध्ये, म्हणजे छोट्या कड्यात, ओवतात, आणि हात मोडला की तोच उलगडून झोळी होते. उपयोग असलेली परंपरा नियम बदलूनही जात नाही.

‘खरी कमाई’चे तसे झाले नाही. मुलांनी अंगमेहनतीने चार पैसे मिळवून ते दलाच्या कामाला द्यावेत असा हा उपक्रम. हल्ली पुष्कळ पालक घरूनच शंभराची नोट देऊन मोकळे होतात आणि वहीवर ‘कमाई’ची नोंद होते. उपक्रम जिवंत आहे, कमाई गेली.

सुरक्षेचे नवे नियम

अलीकडच्या काळातला सर्वांत खोल बदल बहुधा हाच. अमेरिकेतील संस्थेवर बाललैंगिक अत्याचाराचे ऐंशी हजारांहून अधिक दावे आले, फेब्रुवारी २०२० मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि भरपाईसाठी दोन अब्ज डॉलरहून मोठा निधी मंजूर झाला. त्या आधीपासून जगभर ‘कोणत्याही प्रौढाने मुलासोबत एकटे राहू नये’ हा दंडक पसरत होता. भारतात मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकावर जबाबदारी टाकली. स्काउटमास्तर आणि मुलगा शेकोटीपाशी एकटेच बोलत बसलेत, हे चळवळीचे जुने लाडके चित्र यामुळे नियमाबाहेर गेले. गुरूवर डोळे मिटून विश्वास टाकणे हीच जिथे तालमीची रीत, त्या वडोदऱ्यात जुन्या मंडळींना हे खुपते. पण येथे परंपरेने मागे सरणेच योग्य. दुसरी बाजू मांडण्याजोगी नाही.

आजची स्थिती

दल बहुतांशी शाळेत चालते आणि मास्तर हे शिक्षकच असतात. शाळेबाहेरचा मोठा आधार रेल्वेचा. चळवळीच्या रचनेत प्रत्येक रेल्वे विभागीय मुख्यालयाला राज्याचा दर्जा आहे, त्यामुळे पश्चिम रेल्वे हे एक स्वतंत्र ‘राज्य’ ठरते आणि प्रतापनगरला कार्यालय असलेला वडोदरा मंडळ हा त्यातील जिल्हा. जुन्या गायकवाडी रेल्वेपासून नोकरीत असलेल्या काही मराठी कुटुंबांत स्काउटिंग याच वाटेने आले. हुकूम हिंदीत, टोळीतल्या गप्पा गुजरातीत, डब्यातल्या थालीपिठाची वाटणी मराठीत. रेल्वेभरतीत स्काउट-गाइड कोटा आहे. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार किंवा नेत्यांच्या प्रशिक्षणातील हिमालय वूड बॅज लागतो, आणि काही वर्षांचे सलग कामही. प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार अशा पायऱ्या चढणाऱ्यांपैकी कित्येकांची नजर या कोट्यावर असते. जुने स्काउटमास्तर त्यावर नाक मुरडतात, तरी पंधरा-सोळाव्या वर्षानंतर मुले दलात टिकतात ती बव्हंशी त्याच्याच जोरावर.