रिसेट केलं म्हणजे घड्याळ आपलं झालं?

"रिसेट मारून दिलंय, आता तुमचंच!" नागपूरच्या बर्डीवर जुनं ॲपल वॉच घेताना हे वाक्य ऐकलं की लोक लगेच पैसे काढतात. कृपा करून थांबा. घड्याळातलं सगळं पुसलं तरी ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे घड्याळ जुन्या मालकाच्या ॲपल खात्याशी बांधून ठेवणारं कुलूप, जात नाही; चोरीचं घड्याळ वापरता येऊ नये म्हणूनच २०१५ पासून ते आहे. घरी फोनला जोडायला गेलात की स्क्रीन जुन्या मालकाचा पासवर्ड मागते, आणि घड्याळ तिथंच अडतं.

विकणाऱ्यानं आपल्या आयफोनच्या वॉच ॲपमधून ते 'अनपेअर' करून, म्हणजे फोनशी असलेली जोडणी तोडून, आपल्या ॲपल खात्याचा पासवर्ड टाकायला हवा. फोनच विकला असेल, तर ॲपलच्या आयक्लाउड वेबसाइटवरून घड्याळ पुसून खात्यातून काढता येतं. हे तुमच्यासमोर होऊ द्या, घड्याळ तुमच्या फोनला जोडून बघा, मगच पैसे द्या.