उजनीवरील होडीमालकांसाठी वायरलेस संच: परवाना कोणाला लागतो आणि कागदपत्रे कोणती

उजनी धरणाच्या फुगवट्यावर करमाळा आणि माढा तालुक्यांच्या काठाने मासेमारीच्या होड्या चालतात आणि पलीकडच्या इंदापूर तालुक्यात जाण्यासाठी प्रवासी लाँचही चालतात. २१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. तेव्हापासून होडीवर लाइफ जॅकेटच्या जोडीला वायरलेस संचही ठेवावा, असा विचार अनेक मालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. विचार योग्यच आहे. मात्र संच विकत घेण्याआधी तो कोणत्या प्रकारात मोडतो हे पाहणे आवश्यक आहे, कारण वायरलेस संच वापरण्यासाठीच नव्हे, तर नुसता जवळ बाळगण्यासाठीही परवानगी किंवा सूट असावी लागते. १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यात हे तत्त्व होते आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही ते कायम आहे.

पहिला प्रकार परवान्यातून सूट मिळालेल्या संचांचा. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या वॉकीटॉकींना २०१८ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या सिटिझन बँडमधील पाच वॉटपर्यंतच्या संचांनाही अशीच सूट आहे. या संचांसाठी होडीमालकाला कोणताही अर्ज करावा लागत नाही. मात्र त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची, म्हणजे डब्ल्यूपीसीची, उपकरण प्रकार मान्यता मिळालेली असणे बंधनकारक आहे. ही मान्यता उत्पादक किंवा आयातदार घेतो; ग्राहकाने मान्यतेचा क्रमांक विचारून घ्यावा, संचावरील मॉडेलशी तो जुळतो का हे पाहावे आणि पक्के बिल जपून ठेवावे. ऑनलाइन बाजारात बिनमान्यतेच्या वॉकीटॉकींची विक्री इतकी सर्रास झाली होती की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. तेव्हा ‘दहा किलोमीटर रेंज, लायसन्स फ्री’ अशी जाहिरात वाचून पैसे भरू नयेत. सूट मिळालेल्या संचाला लांब एरियल जोडला किंवा त्याची शक्ती वाढवली, तर मान्यता मिळालेला संच तो राहत नाही आणि सूटही उरत नाही.

दुसरा प्रकार सागरी व्हीएचएफ संचाचा, म्हणजे समुद्रातील जहाजांसाठीच्या वायरलेसचा, आणि गोंधळ होतो तो बहुधा इथेच. मुंबई-रत्नागिरीकडून असे संच स्वस्तात मिळतात. हातातला संच साधारण पाच वॉटचा असतो, होडीवर बसवायचा पंचवीस वॉटपर्यंतचा. समुद्रात १५६.८ मेगाहर्ट्झच्या चॅनेल १६ वर इतर जहाजे आणि किनाऱ्यावरील केंद्रे सतत कान ठेवून असतात, म्हणून तिथे हा संच जीवरक्षक ठरतो. उजनीच्या काठावर त्या चॅनेलवर ऐकणारे कोणी नाही. शिवाय या संचाला परवाना लागतो, तो चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र असावे लागते आणि डिजिटल संकटसंदेशाची सोय असेल तर भारतासाठी ४१९ ने सुरू होणारा नऊ अंकी ओळख क्रमांकही घ्यावा लागतो. जलाशयातील होडीसाठी हा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना काढून काम भागवावे असाही सल्ला दिला जातो, पण तो परवाना धंद्याच्या संदेशांसाठी वापरता येत नाही.

तिसरा प्रकार स्वतःच्या खासगी जाळ्याचा. मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था किंवा जलवाहतुकीचा ठेकेदार यांना दहा-पंधरा होड्या आणि काठावरचे एक केंद्र जोडायचे असेल, तर स्वतंत्र वारंवारिता, म्हणजे फ्रिक्वेन्सी, मागावी लागते. त्यासाठी दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ पोर्टलवर अर्ज करावा लागतो. अर्जदाराची ओळख, पत्ता आणि पॅन, संस्था असल्यास नोंदणी प्रमाणपत्र आणि सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव, तसेच संचाची कंपनी, मॉडेल, शक्ती, मान्यता क्रमांक आणि एकूण संख्या हा तपशील हाताशी ठेवावा. काठावरच्या केंद्राचे अक्षांश-रेखांश आणि एरियलची जमिनीपासूनची उंची अचूक लिहावी, कारण स्थिर एरियलच्या जागेची छाननी साक्फा ही वारंवारिता वाटपासाठीची स्थायी सल्लागार समिती करते. वारंवारिता वापरण्याचे स्वामित्वशुल्क ठरवताना अंतर आणि वारंवारितांची संख्याही पाहिली जाते, म्हणून गरज पाच किलोमीटरची असताना अर्जात पंचवीस लिहू नये. मंजुरी हाती येण्याआधी संच खरेदी करू नयेत. खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच करावी.

या सगळ्याच्या आधी होडीचे स्वतःचे कागद पूर्ण असावेत. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ नुसार यांत्रिक होडीला सर्वेक्षण आणि नोंदणी दोन्ही लागतात. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. वल्ह्यांच्या होडीची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेच्या पातळीवर करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. ज्या होडीची नोंदणीच नाही, तिच्यावरील संचासाठी अर्ज करताना होडीच्या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न पहिल्याच पानावर उभा राहतो.

वापरातील सुरक्षितताही नियमांइतकीच महत्त्वाची आहे. ब्रिटनमध्ये दहा वॉटपेक्षा अधिक प्रक्षेपित शक्तीच्या संचांसाठी, होड्यांवरील संचांसह, लोकांवर पडणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींची मर्यादा पाळण्याची अट परवान्यातच घातलेली आहे. आपल्याकडील सूट मिळालेल्या कमी शक्तीच्या वॉकीटॉकीबाबत ही काळजी फारशी नसली, तरी बोलताना एरियल डोळ्यांपासून आणि चेहऱ्यापासून दूर ठेवावा आणि होडीवर मोठा संच बसवला असेल, तर प्रवासी त्याच्या एरियलला टेकून बसणार नाहीत अशा उंचीवर तो लावावा. इंजिनात पेट्रोल भरताना बटण दाबू नये. बॅटरीकडून येणाऱ्या तारेत फ्यूज असावा. आयपीएक्स ७ या जलरोधक दर्जाचा संच एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. त्याला दोरी बांधून तो जॅकेटला अडकवावा, नाहीतर उलटलेल्या होडीबरोबर तोही तळाशी जातो. संकटात गाव, काठ आणि होडीवरील माणसांची संख्या आधी सांगावी. दुसऱ्या संचावर काठावर कोणी बसलेले असेल, तरच हे ऐकले जाते. त्या माणसाकडे ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक लिहून ठेवलेले असावेत, कारण वॉकीटॉकीवरून पोलिसांशी थेट बोलता येत नाही.

होडी विकताना खासगी जाळ्याचा परवाना तिच्याबरोबर नव्या मालकाकडे जात नाही. संच काढून ठेवावा आणि बदल वायरलेस शाखेला कळवावा.