इंदूरच्या बागेतला पांढरा फ्लोरिबंडा

फ्लोरिबंडा म्हणजे झुपक्यानं फुलणारा गुलाब, पॉलिअँथा (झुपक्यानं लहान फुलं देणारा) आणि हायब्रिड टी (दांड्यावर एकेक मोठं फूल देणारा) या गुलाबांच्या संकरातून आलेला. फुलदाणीत एकच ऐटदार फूल हवं तर हायब्रिड टी घ्या, पण अख्खा वाफा भरलेला दिसायला हवा तर हाच. पांढऱ्यात सगळ्यात जास्त चालतो तो आइसबर्ग, जर्मनीच्या राइमर कोर्डेस यांनी १९५८ मध्ये काढलेला, काटे कमी, वास जेमतेम, आणि थंडीत कळीवर हलकी गुलाबी झाक येते, ती बघून नर्सरीवाल्यानं फसवलं असं समजू नये.

इंदूरला खरा प्रॉब्लेम आहे माळव्याच्या काळ्या मातीचा. पावसाळ्यात पाणी धरून बसते, मुळं कुजतात, उन्हाळ्यात तीच भेगाळते. म्हणून वाफा वीतभर उंच उचलायचा, मातीत मुरूम आणि भरपूर कुजलेलं खत मिसळायचं. खतासाठी तर इंदूरकरांना लांब जायलाच नको, काडीकचरा, शेण, माती यांचे थर लावून कंपोस्ट करायची जगभर गाजलेली इंदूर पद्धत शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इथेच बसवली आणि १९३१ मध्ये छापली.

रोपं साधारण २ फुटांवर, डोळा भरलेली गाठ, म्हणजे कलम जिथे खुंटाला जोडलंय ती जागा, मातीच्या वर ठेवून लावावीत. गाठीखालून जोरात वर येणारा फुटवा रानटी खुंटाचा असतो, तो कात्रीनं न कापता बुडापासून ओढूनच काढायचा, नाहीतर परत येतो आणि कलम मरतं.

छाटणी पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरात. हायब्रिड टीइतकी कडक नको, निम्मी उंची पुरे, कापल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावली की फांदी वरून वाळत येत नाही. मग सहा-सात आठवड्यांत फुलं. झुपक्यातली मधली कळी आधी उमलते आणि बाकीच्या उमलेपर्यंत सुकून जाते, म्हणून ती मटाराएवढी असतानाच चिमटीनं खुडावी, मग अख्खा झुपका जवळपास एकदमच फुलतो.

मार्चनंतर फुलं लहान होतात आणि फुलकिडे, म्हणजे पाकळ्यांतला रस शोषणारे बारीक किडे, येतात, त्यांचे लाल गुलाबावर जे डाग खपून जातात ते पांढऱ्यावर तपकिरी कडा होऊन लगेच दिसतात, अशी फुलं झाडावर ठेवूच नयेत. पाणी सकाळी, बुडाशीच द्यावं, संध्याकाळी पानं भिजवली की काळे ठिपके आलेच समजा.