सोमवारचे दोन किलो

माझ्या एका मित्राचा दर सोमवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास मेसेज येतो. त्यात दोन आकडे असतात आणि पुढे रडका चेहरा. शुक्रवारी ८१.४, सोमवारी ८३.३. पाच दिवस मोजूनमापून खाल्लं, शनिवार-रविवारी हात जरा सैल सोडला आणि "दोन किलो चरबी परत आली" असं त्याचं म्हणणं. मग सोमवारी दिवसभर तो जवळपास उपाशी. गेल्या आठवड्यात त्याला उत्तर लिहायला बसलो, ते इतकं लांबलं की त्याचा हा लेख झाला.

आधी साधा हिशेब. अंगावर एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. (आहाराच्या गप्पांतली 'कॅलरी' ही खरं तर किलोकॅलरी असते. इथेही तोच अर्थ घ्यावा.) म्हणजे दोन किलोंसाठी १५,४००. मित्राची रोजची गरज २,३०० धरली, तर शनिवार-रविवार मिळून त्याने २०,००० कॅलरी खायला हव्या होत्या. तो खवय्या आहे, पण एवढा नाही.

मग काट्यावर चढलं ते काय? मुख्यतः पाणी. हे पाणी शरीरात का थांबतं, ही गोष्ट मला फार आवडते.

वनस्पती आपली साखर स्टार्चच्या रूपात साठवतात, हे शाळेत शिकलेलं असतं. प्राण्यांकडेही तसंच एक कोठार आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी १८५७ साली यकृतातून तो पदार्थ वेगळा काढला. त्याचं नाव ग्लायकोजेन. तो म्हणजे ग्लुकोजच्या कणांना कण जोडून केलेली, फांद्यांना फांद्या फुटलेली साखळी. पेशी ग्लुकोज सुटंच का ठेवत नाही? कारण सुटे कण पाणी ओढतात. मिठाच्या पाण्यात टाकलेल्या भाजीतून पाणी बाहेर येतं, त्याच्या नेमकं उलट इथे घडेल : पाणी आत घुसेल आणि पेशी फुगून फुटायला येईल. हा परासरणाचा दाब पदार्थाच्या वजनावर नाही, सुट्या कणांच्या संख्येवर ठरतो. म्हणून पेशी हजारो कणांची एकच मोळी बांधते. मध्यभागी ग्लायकोजेनिन नावाचं एक प्रथिन, त्याच्याभोवती फांद्यांचे जास्तीत जास्त १२ थर, आणि पूर्ण वाढलेल्या मोळीत सुमारे ५५,००० ग्लुकोजचे रेणू. त्यापुढे बाहेरच्या थरात इतकी दाटी होते की नवी फांदी जोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) आत शिरायलाच जागा उरत नाही. वाहवत गेलो खरा, पण १२ थरांवर थांबणारी ही रचना मला घड्याळाच्या यंत्रापेक्षा सुंदर वाटते.

मोळी बांधली तरी पाणी पूर्ण चुकत नाही. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी साठतं. मोठ्या माणसाच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन मावतं. म्हणजे कोठार तुडुंब भरलं की पाण्यासकट त्याचंच वजन दोन किलो. कमी खाण्याच्या पाच दिवसांत ते बरंचसं रिकामं होतं आणि सोबतचं पाणी लघवीवाटे निघून जातं. शनिवारी पिष्टमय आणि गोड पदार्थ भरपूर खाल्ले की ते पुन्हा भरतं. 'सात दिवसांत चार किलो घटवा' म्हणणाऱ्या जाहिराती याच पाण्याचे पैसे घेतात.

त्यातून व्यायाम करणाऱ्यांचं कोठार अधिकच हावरं असतं. १९६६ साली बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या स्वीडिश संशोधकांनी एकच सायकल दोन बाजूंनी, प्रत्येकी एका पायाने, थकेपर्यंत मारली. दुसरा पाय आरामात. पुढचे तीन दिवस पिष्टमय आहार घेतला आणि सुईने दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे तुकडे काढून तपासले. दमलेल्या पायात ग्लायकोजेन दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट झालं होतं. माणूस तोच, जेवण तेच, रक्तही तेच. शुक्रवारी जोरात व्यायाम आणि शनिवारी जोरात जेवण झालं तर काटा का उडी मारतो, हे त्या दोन पायांनी सांगून ठेवलंय.

उरलेलं काम मिठाचं. सलाइनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, कारण शरीरातल्या द्रवाशी ते प्रमाण जुळतं. आता उलट बाजूने पाहा : बाहेरच्या खारट खाण्यातून ४-५ ग्रॅम मीठ जास्त गेलं, तर ते बाहेर पडेपर्यंत अर्धा लिटर पाणी शरीरात अडकून राहतं. त्यात भरपूर पिष्टमय खाण्याने वाढलेलं इन्सुलिन मूत्रपिंडाला मिठातलं सोडियम धरून ठेवायला सांगतं. शिवाय आतड्यात अजून पुढे न सरकलेलं अन्न असतंच.

हे वाचून मित्राने सुटकेचा श्वास सोडला असेल, तर तो त्याने परत घ्यावा. कारण काटा शुक्रवारीही खोटंच बोलत होता. रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर पाच दिवसांत २,५०० वाचल्या, म्हणजे चरबी गेली फार तर ३२५ ग्रॅम. बाकीची घट पाण्याची. आणि शनिवार-रविवारी रोज १,२५० जास्त झाल्या की हिशेब शून्यावर. एवढ्या कॅलरी गाठायला अकराळविकराळ खावं लागत नाही. एक तळलेला पदार्थ, एक आइस्क्रीम, दोन पेग आणि उशिरापर्यंत रंगलेल्या गप्पा पुरतात. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. फक्त इथे आंधळं आणि कुत्रं एकच आहे.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी पन्नाशीतल्या लोकांचा वर्षभर माग ठेवून २००८ साली निष्कर्ष छापले. आहार कमी केलेल्या गटाचं वजन आठवडाभर उतरायचं आणि शनिवार-रविवारी उतरायचं थांबायचं. व्यायामाच्या गटाचं तर त्या दोन दिवसांत थोडं वाढायचं.

वाढलेली चरबी येते कुठून? बहुतेकांना वाटतं, साखरेची चरबी होते. माणसाच्या शरीरात ते घडतं, पण सहसा फार कमी. खरा प्रकार रांगेचा आहे. दारू साठवताच येत नाही, म्हणून शरीर ती सगळ्यात आधी जाळतं. मग जादा पिष्टमय पदार्थांचा नंबर. खाल्लेलं तेल-तूप, साय, लोणी मात्र रांगेत शेवटी, आणि पाळी न आल्याने थेट साठ्यात.

'आठवड्यातून एक दिवस वाटेल तेवढं खाल्लं की मंदावलेला मेटाबॉलिझम जागा होतो' हाही एक लाडका दावा आहे. त्यात सत्याचा कण आहे. तीन दिवस पिष्टमय पदार्थांतून ४० टक्के जादा खायला दिल्यावर दिवसभराचा ऊर्जाखर्च ७ टक्क्यांनी वाढल्याचं एका प्रयोगात दिसलं. चाळीस आत, सात बाहेर. ज्याला हा व्यवहार फायद्याचा वाटतो त्याने खुशाल करावा. आणि सोमवारचे 'डिटॉक्स' रस म्हणजे तर साप साप म्हणून भुई धोपटणं. पाणी मूत्रपिंडं आपली आपण दोन-तीन दिवसांत काढतात.

सोमवारच्या उपासाची मला जास्त काळजी वाटते. १९७५ सालचा हर्मन आणि मॅक यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे : आधी मिल्कशेक पाजून मग हवं तेवढं आइस्क्रीम पुढे ठेवलं. एरवी खाण्यावर मोकळे असणारे लोक मिल्कशेकनंतर कमी आइस्क्रीम खायचे, पण स्वतःला सतत आवरणारे उलट जास्त खायचे. पथ्य मोडलंच आहे, तर आता कशाला थांबा! माझ्या मते मित्राचा शनिवार शुक्रवारी रात्री नाही, सोमवारच्या उपाशी दुपारीच सुरू होतो.

म्हणून मी त्याला पाच दिवसांची कात्री सैल करायला सांगितलं : ५०० ऐवजी ३०० कमी, पण सातही दिवस. शनिवारीही सकाळचं खाणं नेहमीच्या वेळी. बाहेर जेवायचं तर एक जेवण, अख्खा दिवस नाही. वजन घटवून टिकवलेल्या लोकांची अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही आहे. त्यातले जे आठवडाभर सारखंच खात होते, त्यांचं वजन पुढच्या वर्षात दोन-सव्वादोन किलोंच्या आत राहण्याची शक्यता, फक्त कामाच्या दिवशी कडक राहणाऱ्यांच्या दीडपट होती. अर्थात सारखं खाण्यामुळेच हे झालं, असं अशा नोंदींवरून छातीठोकपणे म्हणता येत नाही.

काट्यावर मात्र रोज उभा राहा, असं त्याला म्हटलंय. फक्त मला आकडा पाठवायचा तो सात दिवसांच्या सरासरीचा. या सोमवारी मेसेज आला नाही. बेरीज करून सातने भागायचं राहिलं असावं.